युआन शिकाईबद्दल बोलताना त्साई अ ला विसरून कसं चालेल?

कोणीतरी लिहिलंय की चीनच्या प्रजासत्ताकाचा तेव्हाचा अध्यक्ष युआन शिकाई याचा सम्राट व्हायचा बेत फक्त परकीय दबावामुळे फसला. दबाव होताच, पण जनरल त्साई अ ला वगळून ही गोष्ट पूर्ण होत नाही हो. सुधारणावादी विचारवंत ल्यांग छिछाओचा हा शिष्य, लष्करी शिक्षण जपानमध्ये, चीनमधली बादशाही संपवणाऱ्या 1911 च्या क्रांतीत कुनमिंगमध्ये उठाव करून युन्नान या नैर्ऋत्येकडच्या प्रांताचा लष्करी गव्हर्नर झाला, वय तिशीच्या आत! 1913 मध्ये युआनने त्याला बीजिंगला बोलावून नजरेखाली ठेवलं. 1915 च्या शेवटी हा आजारपणाचं कारण काढून बीजिंगजवळच्या त्यानजिन शहरात गेला, तिथून जपान आणि मग व्हिएतनाममार्गे फ्रेंचांनी बांधलेल्या रेल्वेने थेट कुनमिंग. 25 डिसेंबरला युन्नानने युआनच्या सरकारपासून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि हा जेमतेम काही हजार सैनिक घेऊन शेजारच्या सिचुआन प्रांतावर निघाला, समोर युआनचं कितीतरी मोठं सैन्य, पैसा नाही, रसद नाही, घशाचा आजार इतका बळावलेला की आवाज जवळजवळ गेलेला, तरी माणूस आघाडीवरच. पुढे चिनी कम्युनिस्टांच्या लाल सेनेचा सेनापती झालेला चू द तेव्हा याच्याच हाताखाली लढत होता. मार्च 1916 मध्ये युआनला राजेशाही रद्द करावी लागली. त्याच नोव्हेंबरमध्ये त्साई जपानमध्ये फुकुओकाला उपचार चालू असताना वारला, जेमतेम 33 वर्षांचा. त्या काळच्या जनरल लोकांत मला सगळ्यात जास्त आदर याच्याबद्दल वाटतो.