मेडिचींची शेवटची लेक

मेडिची हे इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातलं बँकवाल्यांचं घराणं. १४९४ मध्ये त्यांची बँक बुडाली, घराण्याला फ्लॉरेन्स सोडावं लागलं आणि मेडिचींची गोष्ट संपली, असं वाटू शकतं. ती तिथे संपत नाही. ते १५१२ मध्ये परतले, पुढे पुन्हा हाकलले गेले, पुन्हा आले, आणि १५६९ मध्ये फ्लॉरेन्सभोवतीच्या तस्कनी प्रांताचे ग्रँड ड्यूक, म्हणजे राज्यकर्ते झाले.

मला खरी मोठी वाटते ती घराण्यातली शेवटची बाई, आन्ना मारिया लुईसा. लग्न होऊन ती जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गेली. मूलबाळ नाही. नवरा १७१६ मध्ये गेल्यावर ती माहेरी आली. १७३७ च्या जुलैत भाऊ जान गास्तोने निपुत्रिक वारला आणि युरोपातल्या बड्या सत्तांनी आधीच ठरवल्याप्रमाणे गादी लोरेन घराण्याच्या फ्रान्सिसकडे गेली. तिच्या हातात राज्य नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली चित्रं, पुतळे, ग्रंथ, जवाहीर तिचं होतं. त्याच ऑक्टोबरात केलेल्या करारात तिने हे सगळं नव्या राजघराण्याला दिलं, एका अटीवर: राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी लोकांचं कुतूहल यासाठी यातलं काहीही राजधानी फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. परदेशी पाहुणे येतील, हे १७३७ मध्ये सुचणं काय साधी गोष्ट आहे!

याउलट, इटलीतल्याच मांतुआवर राज्य करणाऱ्या गोंझागा घराण्याने आपला संग्रह इंग्लंडच्या राजाला विकला. त्यातली चित्रकार मांतेन्याची सीझरच्या विजययात्रेची चित्रं आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत. चित्रकार बोत्तिचेल्लीची व्हीनस मात्र फ्लॉरेन्समध्येच, उफ्फिझी संग्रहालयात.