जुना संगणक भंगारात द्यावा काय? एका यादीला उत्तर

महालचा डीटीपीवाला

काल या मंचावर जुन्या संगणकांच्या आणि खेळांच्या शौकिनांसाठी उपयुक्त संकेतस्थळांची एक यादी आली. इंटरनेट आर्काइव्ह, डॉसबॉक्स (विंडोजपूर्व 'डॉस' या कार्यप्रणालीची नव्या संगणकावर नक्कल करणारा प्रोग्रॅम), गॉग, स्कम-व्हीएम (जुने साहसी खेळ चालवणारा प्रोग्रॅम), द रेट्रो वेब (जुन्या बोर्डांची माहिती), विनवर्ल्ड (जुन्या सॉफ्टवेअरचा साठा) ही सगळी नावे योग्यच आहेत आणि त्यांतली निम्मी मीही वापरतो. संताप आला तो शेवटच्या ओळीचा: "आता सारे काही ब्राउझरमध्येच चालते, तेव्हा माळ्यावरचा जुना सीपीयू दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊन टाका."

सारे काही म्हणजे नेमके काय? आर्काइव्हने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे २,४०० डॉस खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतील असे खुले केले, हे मोठेच काम झाले. पण तिथे जे पोहोचले ते कोणीतरी जपले होते, चालत्या ड्राइव्हवर फ्लॉपीतून उतरवले होते, म्हणून पोहोचले. १९९० च्या दशकात आपल्या गावातल्या लग्नपत्रिका, साप्ताहिके आणि शाळांच्या स्मरणिका अक्षरजुळणीच्या ज्या मराठी पॅकेजांवर (प्रोग्रॅमांवर) आम्ही डीटीपीवाल्यांनी जुळवल्या, त्यांच्या फायली यादीतल्या कोणत्या स्थळावर आहेत, हे यादीकारांनी एकदा सांगावे. माझ्याकडे खोकाभर फ्लॉप्या आहेत आणि त्या उघडणारे यंत्र एकच आहे. आपण त्यालाच भंगार म्हणता.

धरमपेठ पेंटियम

यादी माझी आहे, म्हणून उत्तर देणे आले. ती विरंगुळ्यासाठी केलेली यादी होती. मुद्रण व्यवसायाचे अभिलेखागार उभारण्याचा ठेका मी घेतला नव्हता.

मीही ४८६ प्रोसेसरचा जुना संगणक बरीच वर्षे सांभाळला. साउंड कार्डाला पत्ता २२०, इंटरप्ट ५ आणि डीएमए १ देणारी ती ओळ लिहून, यंत्र पुन्हा चालू करून, तरी आवाज न येण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या. डॉसबॉक्स ते काम आपोआप करतो. माझ्या मुलीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ब्राउझरमध्ये एका दुपारात शिकून घेतला, आणि नावापुढे 'मेगाहिट' लिहून खेळ सुरू केला की चोरवाटा उघडतात हे मी सांगितल्यावर तिने माझ्याकडे पहिल्यांदा आदराने पाहिले. त्यासाठी खोली अडवणारा जुना जाडजूड सीआरटी पडदा लागला नाही. ज्यांना यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या बायोसच्या पडद्यापासून अख्खे जुने यंत्रच अनुभवायचे आहे, त्यांच्यासाठी ८६बॉक्स हा नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे. आपण ज्याला जतन म्हणता, त्याला आमच्या घरी अडगळ म्हणतात, आणि घरात त्यावर मतदान झाले तर माझे डिपॉझिट जप्त होईल.

नंदनवन सोल्डर

दोघेही वाद घालत बसा, तोवर यंत्रांतले मदरबोर्ड मरतील. ३८६ आणि ४८६ च्या बऱ्याच बोर्डांवर नळकांड्यासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी डाखलेली असते. ती पाझरते आणि शेजारच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. निळसर-हिरवा थर दिसला की समजावे. जतनाची भाषणे नंतर करा, आधी ती बॅटरी कापून काढा. १९९९ ते २००७ च्या सुमाराच्या बोर्डांवर फुगलेले कपॅसिटर पाहा.

आणि कूलर! नागपुरात मे महिन्यात यंत्राला थंडावा मिळावा म्हणून लोक कॅबिनेट थेट कूलरच्या झोतासमोर ठेवतात. एका ओळखीच्यांनी दोन उन्हाळे तसे केले. यंत्र माझ्याकडे आले तेव्हा स्लॉटच्या पिनांवर हिरवट गंज होता आणि रॅम काढताना खाचेतून ओलसर धूळ निघाली. त्यापेक्षा बंद खोलीतली कोरडी उष्णता परवडली.

यादीतल्या द रेट्रो वेबबद्दल मात्र यादीकारांचे आभार मानतो. सीताबर्डीत एका दुकानात "बोर्ड गेला" म्हणून परत दिलेले यंत्र मी तिथला जंपरचा (बोर्डावरच्या जोडण्या बदलणाऱ्या छोट्या टोपणांचा) तक्ता पाहून चालू केले; कोणीतरी प्रोसेसरचा व्होल्टेज-जंपर हलवून ठेवला होता, एवढेच.

कलम ५२

सर्वांनी सोयीस्करपणे टाळलेला प्रश्न मी विचारतो. 'अबॅन्डनवेअर', म्हणजे मालकांनी वाऱ्यावर सोडलेले सॉफ्टवेअर, नावाचा कोणताही वर्ग भारतीय कायद्यात नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रणाली ही साहित्यकृतीच मानली जाते आणि तिचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. कंपनी बुडाली म्हणून हक्क बुडत नाहीत. कलम ५२(१)(कक) नुसार कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला राखीव प्रत काढता येते. ती जगाला वाटण्याची मुभा त्यात नाही. यादीत गॉग आहे, जिथे पैसे मोजून खेळ मिळतो, आणि स्कम-व्हीएम आहे, ज्याच्या स्थळावर 'बिनीथ अ स्टील स्काय'सारखे हक्कदारांनीच मोफत केलेले खेळ आहेत. हे स्वच्छ आहे. बाकीच्यांपुढे यादीकारांनी इशारा द्यायला हवा होता.

प्रात्यक्षिक वही

आपल्याला जुने संगणक म्हणजे छंद वाटतो. आमच्याकडे तो अभ्यासक्रम आहे. मी जिथे शिकवते तिथे आजही सी भाषा शिकवायला डॉसच्या काळातला निळ्या पडद्याचा टर्बो सी डॉसबॉक्समध्ये घालून प्रथम वर्षाला दिला जातो. विद्यार्थी 'व्हॉइड मेन' ही जुनी सुरुवात पाठ करतात आणि 'कोनियो' ही डॉसकाळची फाइल न वापरणारी उत्तरपत्रिका पाहून परीक्षक बावरतात. डॉसबॉक्स नसता तर हा प्रकार केव्हाच थांबला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

नंदनवन सोल्डर

ताई, टर्बो पास्कल या तशाच जुन्या साधनाचे लोक तरी आपोआप थांबले. त्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये विलंब मोजणारा भागाकार असे. जलद प्रोसेसरवर उत्तर मावेनासे झाले आणि प्रोग्रॅम सुरू होताक्षणी 'रनटाइम एरर २००' म्हणून कोसळू लागला. सीला तसा देवाने दिलेला इशारा मिळाला नाही.

युनिकोडच बरे

मूळ धाग्याकडे येतो, कारण डीटीपीवाल्यांचा कांगावा मला पटलेला नाही. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी ठरावीक संकेत देणारे इस्की हे प्रमाणक होते. १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. सी-डॅक या सरकारी संस्थेचे जिस्ट कार्ड डॉसवर देवनागरी दाखवत असे आणि मजकूर इस्कीत साठवत असे. युनिकोड या आजच्या प्रमाणकातली देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली असल्यामुळे त्या फायली आजही सरळ रूपांतरित होतात. आपण लोकांनी ते सोडून असे फॉन्ट उचलले, ज्यांत कान्याला एक कळ, अर्ध्या त ला दुसरी आणि प्रत्येक पॅकेजाचा हिशोब वेगळा. तेव्हा दूरदृष्टी ठेवली असती, तर आज माळ्यावरच्या यंत्रावर अवलंबून राहण्याची वेळ आली नसती.

महालचा डीटीपीवाला

दूरदृष्टी! भाऊ, आम्ही प्रमाणके ठरवायला बसलो नव्हतो. गिऱ्हाईक काउंटरवर उभे असे आणि पत्रिका संध्याकाळी छापायला जायची असे. पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमला देवनागरी ठाऊक नव्हती. त्याला २५६ घरांचा फॉन्ट ठाऊक होता, आणि आपली जोडाक्षरे त्यात मावत नव्हती. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरेच तोडली, अर्धे रूप एका घरात आणि उभा दंड दुसऱ्यात. छापील पान देखणे येत होते. इस्कीतला मजकूर आपण सुखाने साठवला असेल, पण त्याची पत्रिका कोणी वधूपित्याला दाखवली होती काय?

एका वाचनालयाला आपली जुनी स्मरणिका पुन्हा छापायची आहे. फाइल माझ्याकडेच आहे. नव्या संगणकावर ती उघडली की 'महाराष्ट्र' च्या जागी टिंबे-स्वल्पविराम लावलेल्या रोमन अक्षरांचे कडबोळे दिसते. मूळ पॅकेज चालवावे, तर त्याला प्रिंटरच्या पोर्टात खोचलेला डोंगल, म्हणजे परवान्याची चावी, लागतो. यूएसबीची प्रिंटर केबल चालत नाही, कारण ते पॅकेज थेट ३७८ या पत्त्यावर डोंगलची चौकशी करते आणि तिथे कोणी ओ देत नाही. पॅकेज विकणाऱ्यांचा दूरध्वनी केव्हाच बंद झाला आहे. आता सांगा, कोणता ब्राउझर उघडू?

युनिकोडच बरे

आपण रागावून माझाच मुद्दा सिद्ध केलात. पॅकेज चालवण्याची गरजच काय? ग्रीझवीझल नावाचे स्वस्त बोर्ड साध्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडून फ्लॉपीवरचा चुंबकीय संकेत जसाच्या तसा उतरवता येतो; खराब सेक्टरही मागाहून तपासता येतात. फाइल हाती आली की फॉन्टमधल्या घरांचा तक्ता करायचा आणि रूपांतर करायचे. डोंगल नको आणि आपले पूजनीय यंत्रही नको.

महालचा डीटीपीवाला

आणि तक्ता कशावरून करणार? त्याच पॅकेजाच्या दोन आवृत्त्यांमध्ये घरे बदललेली आहेत. ज्या आवृत्तीत स्मरणिका जुळवली, तिचा फॉन्ट फक्त एका हार्ड डिस्कवर आहे. ती हार्ड डिस्क कशात आहे, हे आपणच ओळखा.

कलम ५२

डोंगल फोडण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर कलम ६५अ वाचावे. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आहे; मात्र हक्कभंग करण्याचा हेतू असावा लागतो, हेही तिथेच लिहिले आहे. वाचनालयाचा मजकूर वाचनालयाचाच असेल तर तो काढून घेण्यास माझी हरकत नाही. फॉन्ट मात्र कुठेही चढवू नका.

धरमपेठ पेंटियम

वकीलसाहेबांची हरकत नाही, हे वाचून वाचनालयाला हायसे वाटले असेल. ठीक आहे, भंगाराची ओळ मी यादीतून काढली आहे. तिच्या जागी "आधी फ्लॉप्या आणि हार्ड डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून घ्या" असे घातले आहे. खेळांबद्दलचे माझे मत कायम आहे आणि माझा ४८६ परत येणार नाही.

युनिकोडच बरे

तोंडी वाद पुरे. त्या डिस्कवरचा फॉन्ट तिथेच राहू द्या. त्याच्या सगळ्या घरांचा एक छापील तक्ता, स्मरणिकेचे एक छापील पान आणि त्याच पानाची फाइल पाठवा. रूपांतराचा तक्ता मी करतो. श्रेय नको, पण पुढच्या वेळी इस्कीला नावे ठेवताना थोडा विचार करावा.

महालचा डीटीपीवाला

पाठवतो. नुसते घरास घर बदलत गेलात तर फसाल, हे आताच सांगून ठेवतो. या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलटे आहे, आमच्याकडे तो अक्षरानंतर आणि तुमच्याकडे अक्षराआधी. 'वार्षिक' हा शब्द आधी चालवून पाहा, त्यात दोन्ही आहेत.