सांडपाणी वळवूनही जलाशयातील शेवाळ का हटत नाही?

प्रश्न:
आम्ही अभ्यासत असलेल्या उष्णकटिबंधीय जलाशयात येणारे सांडपाणी वळवून दोन वर्षे झाली, तरी नीलहरित शेवाळाची साय पूर्वीइतकीच दाट धरते. दुपारी पाण्याचा सामू ९.२ आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ११ मिलिग्रॅम भरतो. ३० अंश सेल्सिअसला संपृक्त पाण्यात तो साधारण ७.५ असतो. इतका ऑक्सिजन असताना पहाटे मासे का मरतात, आणि शेवाळाला पोसणारा फॉस्फरस येतो कुठून?

उत्तर १:
दुपारचा जादा ऑक्सिजन शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणाचा आहे. तेच शेवाळ रात्रभर श्वसन करून तो संपवते, म्हणून खरी मोजणी पहाटेची. फॉस्फरस बहुधा तळातल्या गाळातून येत असावा. वरच्या आणि खालच्या पाण्यात एक-दोन अंशांचाच फरक दिसला, तरी त्यावर जाऊ नका: २९ आणि ३० अंशांच्या पाण्याच्या घनतेतील तफावत ५ आणि ६ अंशांच्या पाण्यातील तफावतीच्या दहापटीहून अधिक असते, त्यामुळे उष्ण जलाशयातही थर टिकतात आणि तळाला हवा पोहोचत नाही. तेथील ऑक्सिजन संपला, की गाळातील न विरघळणाऱ्या फेरिक लोहाचे विरघळणारे फेरस लोह होते आणि फेरिक लोहाने धरून ठेवलेले फॉस्फेट, म्हणजे शेवाळाला घेता येणारे फॉस्फरसचे रूप, पाण्यात सुटते. वर्षानुवर्षांची ही साठवण दोन वर्षांत संपत नाही.

उत्तर २:
हे पटते, मात्र उथळ भागात ऑक्सिजन असतानाही, सामू ९ च्या वर गेल्यास हायड्रॉक्साइड लोहावरील फॉस्फेटची जागा घेते आणि ते पाण्यात येते. मासे मरण्याची वेळही नीट नोंदवा. ९.२ सामू आणि ३० अंशांना एकूण अमोनियापैकी निम्म्याहून अधिक भाग विषारी, आयनरहित रूपात असतो, तर ७.५ सामूला जेमतेम अडीच टक्के. म्हणून मासे दुपारी मरत असते, तर माझा पहिला संशय अमोनियावर गेला असता.

प्रश्नकर्ता:
मग तळाशी हवा सोडणारी यंत्रे बसवावीत का?

उत्तर १:
घाई नको. हवा अपुरी पडली, तर थर मोडतात, पण तळाचा ऑक्सिजन वाढत नाही, आणि खालचे फॉस्फेट उलट उजेडात येऊन शेवाळालाच मिळते. आधी पहाटे दर मीटर खोलीवर तापमान व ऑक्सिजन, आणि तळालगत विरघळलेले लोह व फॉस्फेट मोजा.

प्रश्नकर्ता:
आमचे आजवरचे सर्व नमुने वरच्या अर्ध्या मीटरातले, तेही दुपारचेच आहेत. पुढील फेरीपासून खोलीचे नमुने घेतो.