मदत हवी आहे: सुपरचार्जरच्या गाडीला मोठा इंटरकूलर बसवला आणि बूस्टच खाली आला

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय. अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात, आणि मला या बाबतीत चूक परवडणारी नाही.

गाडी मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर, २००८ ची, सेकंडहँड घेतलेली. १.८ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बेल्टवर फिरणारा ईटनचा सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप), पुढच्या बंपरमागे वाऱ्यावर थंड होणारा इंटरकूलर (त्या पंपातून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी). मी कुडाळला राहतो. महिन्यातून दोनदा आईला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, फोंडाघाट-राधानगरी मार्गे. गाडीची हौस आहेच, पण त्याहून जास्त हे की मागच्या सीटवर आई असताना घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना गाडीने दगा देऊ नये.

एप्रिलपासून नेमकं तेच व्हायला लागलं. घाटाच्या पायथ्याला गाडी व्यवस्थित, दोन-तीन वळणं चढली की दम सोडायची. पाय दाबला की आवाज वाढायचा, ओढ वाढायची नाही. स्कॅनर लावला तर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान सपाटीवर फुल थ्रॉटलला ७२ अंश, घाटात ऐंशीच्या वर. बंपर उतरवला. जुन्या इंटरकूलरच्या फिन्समध्ये (पातळ पत्र्यांच्या पाकळ्यांमध्ये) चिऱ्याची लाल धूळ अशी बसली होती की बोटाने खरवडली तरी सुटेना. महामार्गावर चिरे भरलेल्या ट्रकांमागून वर्षानुवर्षं चालल्यावर दुसरं काय होणार! खालच्या बाजूला फिन्स चेपलेल्या, मध्ये मेलेल्या किड्यांचा थर. धुवून भागेल असं वाटेना, म्हणून जाड कोअरचा मोठा इंटरकूलर मागवला आणि जिल्ह्याबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये बसवून घेतला.

तापमानाचं काम झालं. त्याच परिस्थितीत आता ४८ अंश. पण बूस्ट, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा वातावरणापेक्षा जादा दाब, गेज ०.५५ बार दाखवायचा, तो आता ०.३६ वर अडकतो. दोन्ही वेळा कुडाळ ते झाराप सपाट रस्ता, सकाळी दहाच्या सुमारास, बाहेर ३३ अंश, तिसरा गिअर धरून ठेवून फुल थ्रॉटल, ५००० आरपीएमला वाचलेला आकडा. तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० ला आधी ६.८ सेकंद लागायचे, आता ६.७. एवढा खर्च करून एक दशांश सेकंद!

आमचा नेहमीचा मिस्त्री पिकअप आणि जीपगाड्यांचे डिझेल टर्बो डोळे मिटून खोलतो. तो म्हणतो, कूलर चांगला असेल तर बूस्ट कमी होताच कामा नये. ज्याच्याकडून कूलर घेतला तो म्हणतो, असं होतंच, सुपरचार्जरला लहान पुली टाका, बूस्ट परत येईल. पुलीचे पैसेही आगाऊ मागतोय. दोघांचं एकमेकांशी जुळत नाही आणि मला कोणाचंच पटत नाही.

बूस्ट पडणं हे नैसर्गिक आहे का काहीतरी चुकलंय? आणि पुली घ्यावी का? आणखी एक बारीक गोष्ट, सायलेन्सरच्या तोंडाला हल्ली काजळी जास्त धरते. संबंध आहे की नाही माहीत नाही, म्हणून सांगून ठेवली.

दहाबाराचा_पाना

रे बाबा, आधी पायपांचे क्लॅम्प बघ. माझ्या गाडयेक पण असाच झाला होता. पुली-बिली मगे.

वळणदार

घाटवाट भाऊ, माझ्या मते कूलरच गरजेपेक्षा मोठा झालाय. एवढ्या मोठ्या पोकळीत हवा भरेपर्यंत बूस्ट येणार कसा? माझ्या डिझेलला मोठा बसवला होता तेव्हा पिकअप उशिरा यायचा.

उष्णमापी

दादा, आधी एक सांगते, तुम्ही आकडे फार नीट दिलेत. जागा, वेळ, गिअर, आरपीएम सगळं तेच ठेवलंत, म्हणून काहीतरी ठोस सांगता येतंय. मी रत्नागिरीला तंत्रनिकेतनात थर्मल (उष्णतेचा विषय) शिकवते.

तुमचा मिस्त्री चुकत नाही, तो टर्बोबद्दल बोलतोय. टर्बोला वेस्टगेट असतो. ठरलेला दाब आला की तो उरलेला एक्झॉस्ट बाजूने सोडून देतो. म्हणजे टर्बोच्या गाडीत दाब पक्का असतो आणि कूलर चांगला बसवला की त्याच दाबाला जास्त वजनाची हवा आत जाते. सुपरचार्जरचा हिशेब वेगळा. पायलीने भात मोजावा तशी तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक मापाची हवा पुढे टाकतो. ईटनच्या एम४५ या मॉडेलच्या नावातले ४५ म्हणजे एका फेऱ्याला ४५ घनइंच, साधारण ७४० घनसेंटिमीटर. पलीकडून इंजिन आपल्या मापाने हवा ओढत असतं, दोन फेऱ्यांना १.८ लिटर. ढकलली जास्त, ओढली कमी, म्हणून मधल्या पाइपात दाटी होते. ती दाटी तुमचा गेज दाखवतो.

आता तीच, तेवढ्याच वजनाची हवा थंड केलीत तर ती कमी जागेत मावते, दाटी कमी होते, काटा खाली येतो. हवा मात्र कमी झालेली नसते.

तुमच्याच आकड्यांवर करून बघू. गेजमध्ये वातावरणाचा १.०१ बार मिळवायचा आणि तापमानात २७३. आधी १.५६ बार, ३४५ केल्विन. आता ३२१ केल्विन. १.५६ गुणिले ३२१ भागिले ३४५ म्हणजे १.४५. त्यातून १.०१ वजा केले की गेजवर ०.४४. म्हणजे ०.५५ वरून ०.४४ पर्यंतची घसरण हा कूलर चांगलं काम करत असल्याचा पुरावा आहे. त्याबद्दल कूलर विकणारा खरं बोलतोय.

पण तुमचा काटा ०.३६ वर आहे. हे मधले ०.०८ बार थंडाव्याने समजावता येत नाहीत. घनता काढली तर आधी घनमीटरला सुमारे १.५८ किलो, आता १.४९. म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास हवा इंजिनपर्यंत पोचतच नाही. सुपरचार्जरच्या पुढे कुठेतरी गळती आहे असा माझा अंदाज, आणि तुमची काजळी त्याला दुजोरा देते. हवा मोजणारा सेन्सर सुपरचार्जरच्या आधी बसलेला असेल तर मोजलेली सगळी हवा सिलिंडरमध्ये गेली असं धरून ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल सोडतो. वाटेत हवा पळाली की पेट्रोल जास्त होतं, काजळी धरते. दहाबाराचा पाना यांनी एका ओळीत सांगितलं तेच खरं निघेल बहुतेक.

वळणदार, पोकळीचं म्हणणं या गाडीला लागू पडत नाही. ३००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला ४५ लिटर हवा ओढतं. कूलरमध्ये तीन लिटर जागा वाढली तरी ती भरायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. आणि फुल थ्रॉटल धरून ५००० ला वाचलेल्या आकड्यात तर तो प्रश्नच उरत नाही.

पुलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. तुमचा सुपरचार्जर म्हणजे रूट्स जातीचा ब्लोअर. रूट्स बंधूंनी अमेरिकेत १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडीच नव्हती, पुढे तो भट्ट्यांना हवा पुरवायला वापरला गेला. त्याच्या पोटात हवा दाबली जात नाही, नुसती पलीकडे टाकली जाते आणि दाब पाइपात तयार होतो. म्हणून तो हवा फार तापवतो. बाहेर ३३ अंश असताना तुमच्या जुन्या बूस्टला ब्लोअरमधून निघणारी हवा शंभर अंशांच्या आसपास असणार. लहान पुली टाकली की तो आणखी जोरात फिरेल, आणखी तापवेल, बेल्टवर ताण येईल, आणि गळतीतून आणखी हवा जाईल. गेजवर ०.५५ दिसेल आणि तुमची गाडी पुन्हा तिसऱ्या वळणावर थकेल.

मग मोठ्या कूलरचा फायदा कुठे? घाटात हवा तापली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकठोक) टाळायला ईसीयू इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो, तिथेच तुमची ओढ जात होती. थंड हवेला टायमिंग पुढे राहतं. शिवाय पुढचा दाब कमी झाल्यामुळे ब्लोअर फिरवायला इंजिनाची ताकदही थोडी कमी खर्च होते. तेव्हा बूस्ट बघण्यापेक्षा स्कॅनरवर हवेचं तापमान आणि टायमिंग बघत जा.

एक सावधगिरी. हे मोजमाप घाटमाथ्यावर करू नका. आंबोलीसारख्या सुमारे ६९० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेचा दाबच आठेक टक्क्यांनी कमी असतो, गेज आपोआप खाली दिसतो आणि माणूस नको तिथे गळती शोधत बसतो. आपल्या दमट हवेचाही वाटा असतो. ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर हवेच्या दाबातला जवळजवळ ४ टक्के दाब नुसत्या बाष्पाचा असतो, तेवढा प्राणवायू कमी. त्याला कुठलाच कूलर उपाय नाही.

समुद्राकाठी

वेंगुर्ल्याहून लिहितोय. गळती सापडेलच, पण नवीन कूलर आमच्या खाऱ्या वाऱ्यात सांभाळा. ॲल्युमिनियमच्या फिन्सवर पांढरी पूड दिसायला लागली की समजा मीठ खातंय. महिन्यातून एकदा बागेच्या नळीने, हलक्या धारेने, इंजिनच्या बाजूकडून पुढे असं गोड्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने अजिबात नको, जवळून मारली की फिन्स झोपतात. आणि जाड कूलरमुळे मागच्या रेडिएटरला वारा कमी मिळतो. एसी लावून बाजारात उभे राहाल तेव्हा कूलंटच्या काट्यावर लक्ष ठेवा.

घाटवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लागले, पण सापडलं.

रविवारी मिस्त्रीकडे गेलो. ताईंचा हिशेब वहीवर उतरवून नेला होता. त्याने तो दोनदा वाचला आणि काही न बोलता बंपर खोलायला घेतला. ब्लोअरकडून येणारा पाइप तोंडाशी बंद केला, दुसऱ्या टोकाला रबरी बूच आणि त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, आणि टायरच्या पंपाने जेमतेम अर्धा बार हवा भरली. काटा बघता बघता उतरायला लागला. मग साबणाचं पाणी ब्रशने एकेका जोडावर. वरचे जोड कोरडे. खालच्या, ड्रायव्हर बाजूच्या होजवर ब्रश टेकताच आधी एक मोठा बुडबुडा आला, आणि मग क्लॅम्पच्या कडेने मोगऱ्याच्या गजऱ्यासारखी फेसाची ओळ उमटली.

होज काढून बघितला. जुन्या कूलरच्या नळीच्या टोकाला उंचवट्याची कड होती, तिच्यामागे क्लॅम्प अडकायचा. नव्याची नळी सपाट, गुळगुळीत. शिवाय बसवताना तेलकट हात लागलेला. बूस्ट आला की होज दोन-तीन मिलिमीटर सरकायचा, पाय सोडला की तिथेच थांबायचा. आणखी एखादा घाट आणि तो पूर्ण निसटला असता. हे बघून पोटात गोळा आला, कारण पुढच्याच बुधवारी कोल्हापूरची तारीख होती.

मिस्त्रीने नळीच्या टोकाला वेल्डिंगचा बारीक वळसा मारून कड तयार केली, पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, होज आतून पुसून कोरडा केला आणि रुंद टी-बोल्ट क्लॅम्प लावला. पुन्हा हवा भरली. दहा मिनिटं काटा हलला नाही.

सोमवारी सकाळी दहाला तोच कुडाळ-झाराप रस्ता. हवा ४९ अंश, बूस्ट ०.४५, ६० ते १०० ला ६.३ सेकंद. ताई, तुमचा ०.४४ चा आकडा समोर काट्यावर बघताना फार बरं वाटलं. मिस्त्री शेजारी बसला होता, तो म्हणाला, "म्हणजे सुपरचार्जरला काटा खाली आणि गाडी वर." आता तोच सगळ्यांना समजावून सांगतोय.

पुलीचा विषय बंद केला, आगाऊ पैसे दिले नव्हते हे बरं झालं. काजळीचं आठवडाभराने बघून सांगेन. समुद्राकाठी दादा, नळीने धुण्याचं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. बाजारात एसी लावून पंधरा मिनिटं उभा राहिलो, कूलंटचा काटा नेहमीच्याच जागी.

बुधवारी फोंडाघाट चढलो. तिसऱ्या वळणानंतर पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, सरळ तुकडा मिळाला, पाय दाबला आणि गाडी गेली. स्कॅनरवर ५४ अंश. आईला झोप लागली होती, ती राधानगरीपर्यंत उठली नाही.