1979 चा तो हिवाळा: तेव्हा तुम्ही ब्रिटनमध्ये होतात का?

मार्च 1979 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅलहन यांचं मजूर पक्षाचं सरकार पडलं. त्याआधीचा अख्खा हिवाळा संपांचा. तेव्हा तिकडे असलेल्यांनी घरातलं, कामावरचं आठवेल तसं लिहा. पुस्तकातलं राजकारण नको.

सुरुवात मीच करते. आम्ही लंडनला, मी नऊ वर्षांची. लेस्टर स्क्वेअरमध्ये कचऱ्याच्या पिशव्यांचा डोंगर झालेला आणि बाबा मला मुद्दाम तो दाखवायला घेऊन गेले! आई पुढे कितीतरी दिवस त्यांना ऐकवत होती.

* * *

मी नर्स होते. आमच्या सफाईच्या आणि स्वयंपाकघरातल्या बायका 22 जानेवारीला बाहेर पडल्या. त्या दिवशी देशभर सुमारे 15 लाख लोक संपावर होते. मागणी काय, तर आठवड्याला किमान 60 पौंड. नंतर आमच्याकडे फक्त तातडीचे पेशंट घ्यायचे ठरलं, वॉर्ड आम्हीच पुसले. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू? पण त्यातली एक जण आमच्याकडचं काम उरकून संध्याकाळी दुसरीकडे झाडलोट करायला जायची. तिचा पगार मला ठाऊक होता.

* * *

ताई, खरंय. पण मुळात सरकार म्हणत होतं, 5 टक्क्यांच्या वर पगारवाढ नाही. फोर्डच्या कामगारांनी संप करून 17 टक्के घेतले. मग ट्रकवाले कशाला गप्प बसतील?

मी लेथवर होतो. जानेवारीत ट्रक थांबले, माल येईना, आम्हाला घरी बसवलं. संप त्यांचा, पगार आमचा गेला. मे महिन्यातल्या निवडणुकीत कारखान्यातल्या बऱ्याच जणांनी खिशात युनियनचं कार्ड ठेवून विरोधी हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंना मत दिलं. मीही. घरी अजून सांगितलेलं नाही.

* * *

लिव्हरपूल. कबरी खणणारे संपावर. शेजारच्या आजोबांचं दफन लांबलं. त्यांच्या बायकोकडे बघवत नव्हतं.

* * *

28 मार्चची रात्र. भाड्याच्या खोलीत रेडिओला कान लावून बसलेलो. सरकारवरचा अविश्वास ठराव 311 विरुद्ध 310 नं मंजूर! मजूर पक्षाचे एक खासदार अत्यवस्थ होते, त्यांना मतदानाला आणायचं नाही असं ठरलं होतं. थोड्याच दिवसांत ते गेले. (1999 ला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, तेव्हा मला हीच रात्र आठवली.) सभागृहात इतका गलका की आकडा मला नीट कळलाच नाही. घरमालकीणच जिन्यातून ओरडली, ‘गेलं सरकार!’ आणि वर येऊन थकलेलं भाडं मागितलं.