अनुभव धागा: एकच फाइल, अनेक शीट आणि लेअरची सांभाळणी

सातारा-सांगली भागात नकाशे काढणाऱ्या सर्वांना या धाग्यात आमंत्रण आहे. एकाच ऑटोकॅड (संगणकावर नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर) फाइलमधून परवानगीचा नकाशा, साइटवरचे वर्किंग ड्रॉइंग आणि वायरिंगची शीट काढताना आपण लेअर (नकाशातील वस्तू वेगवेगळ्या ठेवण्याचे थर) कसे सांभाळता, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

विश्रामबाग, सांगली (आर्किटेक्टचे कार्यालय)

आमच्याकडे नियम असा आहे की छपाईसाठी मॉडेलमधला (जिथे मूळ नकाशा काढतो तिथला) कोणताही लेअर ऑफ करायचा नाही. काय दिसावे आणि काय नाही, हे प्रत्येक लेआउटच्या (छपाईच्या शीटच्या) व्ह्यूपोर्टमध्येच, म्हणजे मॉडेल दाखवणाऱ्या चौकटीतच, ठरवायचे. व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करून लेअर मॅनेजरमधील ‘व्हीपी फ्रीझ’च्या रकान्यात फर्निचरचा लेअर गोठवला की तो त्याच व्ह्यूपोर्टमधून जातो, इतर शीटवर शाबूत राहतो. परवानगीच्या नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल आणि पाडायचे बांधकाम पिवळ्या हॅचमध्ये दाखवावे लागते, त्यामुळे सर्व काही काळे छापणारी ‘मोनोक्रोम’ सीटीबी (छपाईतले रंग आणि जाडी ठरवणारी फाइल) तिथे चालत नाही. पेज सेटअप प्रत्येक लेआउटचा वेगळा असल्याने त्या शीटला रंगीत सीटीबी आणि साइटच्या शीटला मोनोक्रोम, अशी सोय होते. वायरिंगच्या शीटवर भिंती करड्या दिसाव्यात म्हणून आम्ही ‘व्हीपी कलर’ (त्या व्ह्यूपोर्टपुरता लेअरचा रंग) वापरतो.

कुपवाड एमआयडीसी (मशीन ड्रॉइंग)

वरील शेवटच्या वाक्याबाबत थोडे सावध राहावे. सीटीबीमध्ये रेषेची जाडी रंगावर बांधलेली असेल, तर व्ह्यूपोर्टमध्ये रंग बदलताच जाडीही बदलते. बाह्यरेषा ०.५० आणि मापाच्या रेषा ०.१८ मिलिमीटर हव्या असताना रंग बदललेली बाह्यरेषा बारीक छापली गेली, तर वर्कशॉपमधला माणूस तिला लपलेली कड समजण्याची शक्यता असते. आम्ही सीटीबीमध्ये सर्व रंगांना ‘यूज ऑब्जेक्ट लाइनवेट’ (वस्तूची स्वतःची जाडी) ठेवतो आणि जाडी लेअरलाच देतो.

सातारा (स्ट्रक्चरल कन्सल्टंट)

ऑफ आणि फ्रीझ यांत फरक नाही, असे मानणारे अजूनही बरेच आहेत. ऑफ केलेला लेअर दिसत नाही आणि छापलाही जात नाही, पण ‘इरेज’ कमांड देऊन ‘ऑल’ लिहिले की त्यावरच्या वस्तूही निवडल्या जाऊन पुसल्या जातात. फ्रीझ किंवा लॉक केलेल्या लेअरवरच्या वस्तू वाचतात. आमच्याकडे आर्किटेक्टचा नकाशा एक्सरेफ (बाहेरची जोडफाइल) म्हणून जोडलेला असतो आणि त्याचे लेअर फाइलच्या नावानंतर उभी रेघ देऊन दिसतात. त्यांचे रंग आणि दृश्यता आम्ही आमच्या फाइलमध्ये बदलतो, मात्र ‘व्हिसरिटेन’ या सेटिंगची किंमत १ असेल तरच ते बदल टिकतात. किंमत ० असताना सुधारित नकाशा आला आणि एक्सरेफ रीलोड झाला की मूळ रंग परत येतात, आणि तसेच प्रिंट कंत्राटदाराच्या हाती पडले तर कॉलम कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे साइटवर फोन करून समजावत बसावे लागते.

कऱ्हाड (पदविका अभ्यासक्रमाचे अध्यापन)

‘पडद्यावर दिसते, कागदावर येत नाही,’ अशी तक्रार घेऊन विद्यार्थी आला की मी प्रथम ‘डेफपॉइंट्स’ लेअर पाहतो. मापे टाकताना तो आपोआप तयार होतो आणि कधीच छापला जात नाही. काही जण तोच सध्याचा (करंट) लेअर ठेवून भिंती काढत बसतात! व्ह्यूपोर्टची चौकट छपाईत नको असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र लेअर करून त्याचे प्लॉट (छपाई) चिन्ह बंद करावे. तो लेअर फ्रीझ करण्याचा मार्ग मी शिकवत नाही, कारण वेड्यावाकड्या आकारात कापलेल्या व्ह्यूपोर्टची कापणीच त्यामुळे निघून जाते.

मिरज (घरून ड्राफ्टिंग)

व्हीपी फ्रीझची एक अडचण कोणी लिहिलेली दिसत नाही. मालकाने ऐनवेळी सोलर पॅनेल दाखवायला सांगितले आणि आपण नवा लेअर केला, तर तो आधी नीट लावून ठेवलेल्या सर्व शीटवर उमटतो. त्यासाठी लेअर मॅनेजरमध्ये नव्या लेअरच्या शेजारीच दुसरे बटण आहे. त्याने केलेला लेअर सर्व व्ह्यूपोर्टमध्ये गोठलेलाच जन्मतो. मग फक्त गच्चीच्या शीटवर जाऊन तो सुरू करायचा, आणि जुन्या शीट पुन्हा उघडून तपासण्याचे काम राहत नाही.