‘मॅटप्लॉटलिब खोटारडी’ म्हणे! अहो, कात्री कुणाची?

कोपऱ्यातला: काल इथे एकाने मॅटप्लॉटलिबला, म्हणजे पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या लायब्ररीला, खोटारडी ठरवलं. अडीच कोटींच्या घरपट्टी वसुलीचा आलेख, अक्षावर ०.० ते २.५, आणि साहेबांनी भर बैठकीत विचारलं, ‘अडीच रुपयेच आले?’ अहो, अक्षाच्या डोक्यावर बारीक ‘वन-ई-सेव्हन’ छापलेलं असतं. गुणिले एक कोटी! आकडे दहा लाखांवर गेले की ती असंच करते. स्लाइडवर चिकटवताना तुम्हीच ते कापलंत.

वसुलीवाला: कापलं, मान्य. पण मुंगीएवढ्या अक्षरात कोटी लपवायचे कशाला? साहेबांसमोर तुम्ही नव्हतात.

जुनाट: तुमचं भाग्य थोर. आम्ही २०१० ते २०१३ सालं टाकली, तर अक्षावर ०, १, २, ३ आणि टोकाला ‘+2.01e3’, म्हणजे अधिक २०१०. प्रबंधात तसंच छापलं. परीक्षक म्हणाले, शून्य साल कुठलं हो? २०१७ला लायब्ररीची २.० आवृत्ती आली, तेव्हापासून किमान चार अंक छापायचे वाचत असतील तरच हा चावटपणा होतो.

रात्रपाळी: हे काहीच नाही. माझ्या फाइलीत ‘१,२५,०००’ असे स्वल्पविराम होते. फाइल वाचणाऱ्या पांडाज लायब्ररीने तो आकडा नव्हे, मजकूर समजला; मॅटप्लॉटलिबने प्रत्येक मजकुराचा वेगळा गट पाडला. अक्षावर ९,८०० च्या वर १,२५,०००, त्याच्याही वर ४०,०००! ओळी आल्या त्या क्रमाने, सारख्या अंतरावर. एरर नाही, काही नाही. रेघ मात्र जिन्यासारखी चढत गेलेली, आणि मी खाली ‘सातत्यपूर्ण वाढ’ लिहून मोकळी.

कोपऱ्यातला: मग लाखाचे स्वल्पविराम सोडा. जग मिलियनमध्ये चालतं.

रात्रपाळी: सोसायटीचा मेन्टेनन्स मिलियनमध्ये भरता का?

जुनाट: याला म्हणतात परदेशी जावई. दोन वर्षं तिकडे काढली की लाख विसरतात.

कोपऱ्यातला: वैयक्तिक होऊ नका. मी पिंपरीत राहतो.

जुनाट: मग तर कठीणच आहे.

गप्पबसा: भांडताय कशावर? मिलियनचा स्वल्पविरामही मजकूरच ठरतो. पांडाजच्या फाइल वाचणाऱ्या रीड_सीएसव्हीत ‘थाउजंड्स’ला स्वल्पविराम द्या, लाखाचा असो की मिलियनचा, काढून टाकतं. आणि वसुलीवाले, मॅटप्लॉटलिबच्या टिकलेबल_फॉरमॅटमध्ये स्टाइल ‘प्लेन’ करा, अक्षावर पूर्ण आकडा येईल.

कोपऱ्यातला: बरं, एरर द्यायला हवी होती, एवढं रात्रपाळीबाईंचं खरं. खूश?

रात्रपाळी: फ्रेम करून लावते.

वसुलीवाला: ‘प्लेन’ केलं. आता अक्षावर २५०००००० दिसतंय, एकही स्वल्पविराम नाही. साहेब बोट लावून शून्यं मोजतायत.